हिमायत बागेतला बघण्याचा कार्यक्रम

कारभारीचा फोन आला तेव्हा आवडाबाई गोठ्यात शेण भरत होत्या. फोन अंकुशनं उचलला होता, पण कारभारीचा आवाज असा की म्हशीनंसुद्धा कान टवकारले.

"आक्काला दे, आक्काला!"

आवडाबाईंनी पदराला हात पुसले आणि फोन कानापासून वीतभर लांब धरला. कारभारी त्यांचा धाकटा भाऊ. भाच्याचं लग्न जमवायचं त्यानं मनावर घेतलं होतं.

"आक्का, पोरीकडचे व्हय म्हणले. रविवारी बघायला जायचं. पण एक भानगड हाय."

"कसली?"

"पोरगी म्हणती, रविवारी सकाळी मी हिमायत बागेत पाखरं बघायला जाते. थंडीचे दोन-तीन महिनेच असतं ते, चुकवणार नाय. साडेसहाला तिथंच या, मंग घरी जाऊन पोहे खाऊ."

"पाखरं? पाळलेली?"

"नाय वो. झाडावरची."

"कारभारी, आपल्याला पोरगी बघायची का पाखरं?"

"दोन्ही बघ. पोरगी सोन्यासारखी हाय. नाय म्हणू नकोस."

नाही म्हणण्यासारखी परिस्थितीही नव्हती. बिडकीनच्या शिवारात ओलिताची जमीन, स्वतःची विहीर, अंकुशची वाळूजला कंपनीत नोकरी. तरीही मुली नाही म्हणायच्या. शिकलेल्या मुलींना वस्तीवरचं घर नको असायचं. अंकुशनं तिशी गाठली होती आणि हल्ली बघायला जायचं म्हटलं की तो दाढी करायलाही कंटाळायचा. ही मुलगी, मुक्ता, सिडकोत राहणारी, विजेच्या ऑफिसात नोकरीला. वडील पाटबंधारे खात्यातून पैठणला रिटायर झालेले. आवडाबाईंचे मालक आप्पासाहेब यांना तर स्थळ ऐकताक्षणी पसंत पडलं होतं. त्यांना गव्हाचं पाणी रात्री उठून द्यावं लागायचं.

"सून आली तर दिवसा लाईट तरी मिळंल," ते म्हणाले. "जाऊन या तुम्ही. मला रातपाळी हाय."

रविवारी पहाटे आवडाबाईंनी ठेवणीतली जांभळी पैठणी नेसली. मुलाकडची माणसं म्हणून जायचं, तर तसं दिसायला नको? कारभारीच्या गाडीत काचा लावूनही पाय गारठले होते. शहरातल्या दिल्ली गेटपाशी पोचले तेव्हा नुकतं फटफटत होतं. रस्त्यावर चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज आणि बागेच्या झाडांवर धुकं.

फाटकाशी आठ-दहा माणसं उभी होती. कुणाच्या डोक्याला माकडटोपी, कुणाच्या गळ्यात मफलर, सगळ्यांचे कपडे मातकट नाहीतर हिरवट. त्यातली एक मुलगी पुढं आली. तपकिरी स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, घट्ट वेणी. ती नमस्काराला वाकली तशी तिच्या गळ्यातली दुर्बीण आवडाबाईंच्या नडगीवर आपटली.

"अगं बया!"

"सॉरी मावशी! लागलं का?"

"नाय, नाय," आवडाबाई नडगी चोळत म्हणाल्या. बघण्याच्या कार्यक्रमाची सुरुवात अशी त्यांनी कुठंच पाहिली नव्हती.

तेवढ्यात एक उंच, सडपातळ गृहस्थ जवळ आले. मुजीब सर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दर रविवारची ही फेरी त्यांनीच सुरू केली होती. ते एकदा पैठणीकडं बघत होते, एकदा जमिनीकडं.

"ताई, माफ करा हां. साडी लई खूबसूरत आहे. पण जरा चमकते. परिंदे दुरून बघतात आणि निघून जातात." त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची खाकी शाल पुढं केली. "हे वरून घेतलं तर मेहरबानी होईल."

आवडाबाईंच्या कपाळावर आठी चढली. "ह्या पदरावर मोर हायत मोर. तुमच्या पाखरांनी भ्यायचं काय काम?"

मुजीब सर मनापासून हसले. कारभारी खाकरला. अंकुश दुसरीकडं बघू लागला. शेवटी आवडाबाईंनी शाल घेतली, पण अशी अंगावर ओढली की सगळ्यांना राग दिसावा. आतून मात्र ऊब बरी वाटली.

बागेत शिरल्यावर थंडी आणखीच वाढली. जुनी आंब्याची, चिंचेची झाडं, बुंधे दोघांच्या कवेत न मावणारे. पानांवरून दव टपटपत होतं. मुजीब सर पुढं, बाकीची मंडळी मागं, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आवडाबाईंना वाटलं, मयताला आल्यासारखी चालू राहिली ही माणसं. त्यांनी मुक्ताला गाठलं. आलो ते काम तर करायला हवं.

"शिक्षण कुठं झालं म्हणायचं?"

"इथंच, मावशी. देवगिरी कॉलेजला."

"भाकरी येती का थापता?"

"येते, पण..." मुक्ताचं लक्ष वर होतं.

"आन समजा उद्या वस्तीवर ऱ्हायचं म्हणलं, तर..."

"श्शऽऽ!"

मुक्तानं ओठांवर बोट ठेवलं होतं. आवडाबाई जागच्या जागी थांबल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांना कुणी गप्प केलं नव्हतं. सासूनंसुद्धा नाही. आता काहीतरी खरमरीत बोलायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा मुक्तानं हळूच त्यांचा खांदा धरून वळवलं आणि चिंचेच्या ढोलीकडं बोट केलं.

ढोलीत राखी रंगाचा, मुठीएवढा एक गोळा बसला होता. त्याला पिवळे गोल डोळे होते आणि ते सरळ आवडाबाईंकडं रोखलेले होते.

"पिंगळा," मुक्ता कुजबुजली.

पिंगळा आवडाबाईंना ओरडण्यावरून ठाऊक होता. संध्याकाळी विहिरीकडून त्याचा कलकलाट यायचा. पण तो असा समोरासमोर कधी भेटला नव्हता. पिंगळ्यानं मान खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली, जसा एखादा म्हातारा चष्म्यावरून पाहुणा न्याहाळतो.

"आगं, माझ्याकडंच बघू राहिलं!" आवडाबाई म्हणाल्या, आणि त्यांना असं हसू फुटलं की ते शालीत दाबूनही मावेना. पिंगळा ढोलीत दिसेनासा झाला. शेजारच्या फांदीवरनं पोपटांचा थवा ओरडत उठला. मंडळींनी वळून पाहिलं. आवडाबाईंना शरमल्यासारखं झालं, पण मुक्ताही तोंडावर हात ठेवून हसत होती.

"हे घ्या," तिनं गळ्यातली दुर्बीण काढून आवडाबाईंच्या गळ्यात घातली. "पुढचं नीट बघा."

पहिल्यांदा त्यांना काहीच दिसलं नाही. मग स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग नुसता हिरवा धूर. मुक्तानं मागं उभं राहून चाक फिरवायला शिकवलं, आणि धुरातून एकदम एक पान पुढं आलं. त्याच्या शिरा दिसत होत्या, टोकाला लोंबणारा दवाचा थेंब दिसत होता. आवडाबाईंनी दुर्बीण खाली करून झाडाकडं पाहिलं. झाड होतं तिथंच होतं, लांब.

"आता हालू नका," मुक्ता म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "ओढ्याच्या अलीकडं. ती वाकलेली फांदी बघा."

फांदीवर एक पांढरं पाखरू होतं. डोकं काळंभोर, त्यावर उभा तुरा, आणि शेपटीच्या दोन फिती, पाखरापेक्षा कितीतरी लांब, खाली सोडलेल्या. ते उडालं तशा त्या फिती हवेत लहरत मागं गेल्या. पाखरानं एक गिरकी घेतली, एक किडा टिपला आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसलं. फिती मात्र थोड्या उशिरा खाली आल्या.

"स्वर्गीय नर्तक," मुक्ता म्हणाली. "नर आहे. थंडीत येतो इकडं."

आवडाबाईंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. पाखरू दिसलं की त्यांचा हात आजवर गोफणीकडं गेला होता. ज्वारी दाण्यात आली की माळ्यावर उभं राहून हाकलायचं, एवढाच त्यांचा पाखरांशी संबंध. आभाळाकडं बघायचं ते पाऊस किती ते बघायला, झाडाकडं बघायचं ते सरपण किती निघंल ते बघायला. नुसतं बघायचं म्हणून त्या अशा कधी उभ्या राहिल्या होत्या, त्यांना आठवेना. पाखरू दुसऱ्या फांदीवर गेलं, त्या दोन पावलं सरकल्या. पाखरू ओढ्यापलीकडं गेलं, त्या ओढ्याच्या काठाशी जाऊन उभ्या राहिल्या. पैठणीचा काठ चिखलात भिजला तरी त्यांना कळलं नाही.

मागं अंकुश आणि मुक्ता एका पुलाच्या कठड्यावर बसून बोलत होते. कारभारीनं डोळ्यांनी खुणा करून बहिणीला ते दाखवायचा प्रयत्न केला. बहीण दुर्बिणीतून मान वर काढायला तयार नव्हती.

घरी पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या आईवडिलांनी सगळं रीतसर केलं. मग कारभारी म्हणाला, "आक्का, काय विचारायचं आसंल ते विचार आता मोकळेपणी."

सगळे सावरून बसले. आवडाबाईंनी मुक्ताकडं पाहिलं.

"ते पांढरं किती दिवस ऱ्हातं इथं?"

मुलीच्या वडिलांनी मुलीच्या आईकडं पाहिलं.

"ऊन तापायला लागेपर्यंत असतो, मावशी," मुक्ता म्हणाली. "मग निघून जातो."

कारभारीनं कपाळाला हात लावला.

दोन दिवसांनी मुलीकडून नकार आला. नकार गोड शब्दांत होता. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पण योग दिसत नाही. आप्पासाहेब बराच वेळ विहिरीच्या मोटारीकडं बघत राहिले. आवडाबाईंनी अंकुशला चुलीपाशी बसवलं.

"काय बोललास तिच्याशी?"

"खरं तेच. कंपनी मला चाकणला पाठवणार हाय आन मला जायचंय. ती म्हणली, मला हे शहर सोडायचं नाय. मंग आम्ही दोघंबी हसलो." अंकुशनं भाकरीचा तुकडा मोडला. "आन खरं सांगू का, पोरगी लई चांगली हाय, पण दर रविवारी पहाटं थंडीत नाय निघायचं मपल्याच्यानं. पाय पार बधिर झाल्ते."

आवडाबाईंना वाईट वाटलं. पण नकार काही पहिला नव्हता, आणि या वेळचं वाईट वाटणं वेगळं होतं. शुक्रवारी त्या धुणं वाळत घालता घालता थांबल्या आणि बांधावरच्या बोरीकडं बघत राहिल्या. बोरीत काहीतरी हालत होतं. पिवळसर, चिमणीपेक्षा लहान. डोळे बारीक करूनही नीट दिसेना.

"काय हरवलं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काय नाय."

शनिवारी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "मी उद्या बागेत चालले."

आप्पासाहेबांचा घास हातातच राहिला. "मोडलेल्या सोयरिकीच्या दारात? लोक काय म्हणत्याल?"

"दारात नाय. बागेत. बाग काय तिच्या बापाची हाय?"

"आन ती पोरगी तिथं आसंल की."

"आसू द्या. ती पाखरं बघंल, मी पाखरं बघंल."

आप्पासाहेबांनी मान हलवून घास तोंडात घातला. पण पहाटे ते गव्हाचं पाणी देऊन आले तेव्हा आवडाबाई तयार होत्या. मातीच्या रंगाचं जुनं लुगडं, वरून आप्पासाहेबांचाच तपकिरी स्वेटर, डोक्याला मफलर. आप्पासाहेबांनी चिखलाचे पाय तसेच ठेवून मोटारसायकल सुरू केली.

"बस मागं. पहिली यष्टी चुकंल नायतर."

बसमध्ये दूधवाल्यांच्या कॅनच्या गर्दीत त्या बसून आल्या. स्टँडवरून रिक्षा केली. दिल्ली गेट दिसू लागलं आणि मग मात्र त्यांचा धीर सुटू लागला. काय म्हणंल पोरगी? गळ्यात पडायला आली म्हणंल. रिक्षा माघारी वळवावी असंही एकदा मनात आलं. तोवर रिक्षा फाटकाशी थांबली होती आणि मुक्ता समोरच उभी होती.

मुक्ताचा चेहरा पडला. ती भराभर पुढं आली. "मावशी, तुम्ही? अहो, मी सांगितलं होतं ना कारभारीमामांना... अंकुश खरंच चांगला आहे, पण माझं..."

"सांगितलंस ना? मंग झालं. त्यानंबी सांगितलं मला." आवडाबाईंनी मफलर सोडून पुन्हा बांधला. "मी त्यापायी नाय आले. ते पांढरं दिसंल का आज?"

मुक्ता बघतच राहिली. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं आवडाबाईंचे दोन्ही हात धरले. हात बर्फासारखे गार होते, दोघींचेही.

"दिसेल की नाही सांगता येत नाही, मावशी. शोधू या."

त्या दिवशी ते पाखरू दिसलंच नाही. पण तांबट पक्ष्याचा टुक टुक आवाज कुठून येतो ते शोधण्यात अर्धा तास गेला. शेपूट वरखाली हलवत ओढ्याकाठी फिरणारे धोबी दिसले. निळ्या पाठीचा आणि नारिंगी छातीचा एक पक्षी पानांआडून इतकं गोड गायला की आवडाबाईंनी त्याचं नाव मुक्ताकडून चार वेळा वदवून घेतलं आणि फाटकाशी येईतो विसरल्या. एका वाळक्या पानाला त्यांनी घुबड ठरवलं. एका प्लास्टिकच्या पिशवीला बगळा. मुजीब सर म्हणाले, "ताई, त्या पिशवीला मीसुद्धा गेल्या आठवड्यात सलाम केला होता."

पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. येताना कधी बाजरीची भाकरी आणि ठेचा आणायच्या, कधी शेंगदाण्याचे लाडू. बागेतून निघाल्यावर मंडळी दिल्ली गेटच्या चहावाल्यापाशी बसून त्यावर तुटून पडायची. एका रविवारी सगळे पुढं गेले होते, आवडाबाई मागं राहिल्या होत्या, आणि त्यांच्या अगदी डोक्यावरच्या फांदीवर ते पांढरं पाखरू येऊन बसलं. आज पहिल्यांदा त्यांनीच ते शोधलं होतं. दुसऱ्या कुणी दाखवलं नव्हतं.

"मुक्ताऽऽ!"

कांद्याच्या वावरात बायकांना हाक मारायचा आवाज तो. अख्खी बाग दणाणली. पाखरू कुठल्या कुठं गेलं. मुक्ता धावत आली तेव्हा फांदी नुसती हालत होती.

"हितं होतं! देवाशपथ! फिती माझ्या नाकाला लागायच्या बाकी होत्या!"

मुजीब सरांनी हात जोडले. "ताई, तुमच्या आवाजाने तो आता श्रीलंकेपर्यंत थांबणार नाही." हसून हसून मुक्ताला खाली बसावं लागलं.

संक्रांत झाल्यावर आवडाबाईंनी सगळ्या मंडळींना वस्तीवर हुरड्याला बोलावलं. आप्पासाहेबांनी बांधाशेजारी आगटी पेटवली. शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गरम दाणे पाहुण्यांच्या ओंजळीत टाकायचे. सोबत लसणाची चटणी, गूळ आणि बोरं. चाकणला जायच्या तयारीत असलेला अंकुश कणसं भाजत होता आणि मुक्ताला, मुजीब सरांना आग्रह करत होता.

नेमका त्याच वेळी कारभारी आला. मंडळी बघून त्याचा चेहरा कोड्यात पडल्यासारखा झाला. त्यानं बहिणीला बाजूला घेतलं.

"आक्का, सोयरीक मोडली ना?"

"मोडली."

"मंग ही पोरगी तुझ्या वावरात काय करू राहिली?"

"हुरडा खाती."

कारभारीनं डोकं खाजवलं. तो गंगापूरच्या एका नव्या स्थळाची खबर घेऊन आला होता. मुलीचा भाऊ चाकणलाच नोकरीला, मुलीलाही तिकडं जायला हरकत नव्हती. पुढं वैशाखात ते लग्न झालंही, आणि करवल्यांच्या घोळक्यात मुक्ता सगळ्यांत जास्त नाचली. पण आगटीपाशी त्या दिवशी कारभारी एवढंच म्हणाला, "येत्या रविवारी बघायला जाऊ."

"रविवार सोडून कधीबी," आवडाबाई म्हणाल्या आणि कणसं आणायला निघाल्या.

तेवढ्यात गव्हावरून एक मोठा, फिकट राखाडी पक्षी आला. पंख न हलवता, ओंब्यांना पोट टेकेल इतका खालून, तो पिकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत गेला. सगळ्यांचे हात थांबले.

"ही घार रोज येती," आप्पासाहेब म्हणाले.

"घार नाही, काका," मुक्ता म्हणाली. "भोवत्या आहे. हिमालयाच्याही पलीकडून येतो, थंडीपुरता."

"कुठून?"

"हिमालयाच्या पलीकडून."

आप्पासाहेबांनी हातातली काटकी खाली ठेवली. ते उठून बांधावर जाऊन उभे राहिले आणि कपाळावर हात आडवा धरून बघू लागले. "एवढ्या लांबून," ते म्हणाले, "आन मपल्या गव्हात?" शेजारच्या वावरात त्यांचा चुलतभाऊ पाणी देत होता. त्याला त्यांनी जोरात हाक मारली आणि वर बघ म्हणून सांगितलं.

भोवत्या वळून पुन्हा येत होता. आवडाबाईंच्या हातात चोळलेल्या हुरड्याची मूठ होती. मान न वळवता त्यांनी ती मुक्ताच्या ओंजळीत सोडली.

"खा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गरम हाय तवर."